जळक्या घराचे खिळे

थडगी सजवायच्या रविवारी बर्ल स्टिडम दरवर्षीसारखा टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेरच थांबला. फरक एवढाच, की यंदा तो बसला होता. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं, आणि घडीच्या खुर्चीत असा ऐसपैस, की जणू ही टेकडी त्याचीच आहे आणि त्यानं ती बाकीच्यांना वापरायला दिलीय. नेडीननं बापाच्या मांडीवरची कापडी लिलीची फुलं उचलली आणि फाटकावरून रॉइसच्या हातात दिली. रॉइसनं ती आत नेऊन महेलाच्या दगडापाशी खोवली.

हा रिवाजच होता. ओढ्याकडच्या स्टिडमांनी फुलं आणायची, फाटकाशी द्यायची, आणि टेकडीवरच्या स्टिडमांनी ती आत न्यायची. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. ओढ्याकडची पोरं चालायला शिकली की फाटकाशी थांबायलाही शिकत.

"वाकडी खोवलीस," बर्ल म्हणाला.

"वाऱ्यानं झुकलीत, काका."

"वारासुद्धा तुमच्याच बाजूचा."

रॉइस हसला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मनानं बरा माणूस. टेकडीवरच्यांशी भांडायचंच झालं तर ओढ्याकडचे रॉइसला वगळून भांडत.

भांडण म्हणावं असं खरं तर कधी झालंच नव्हतं, कारण भांडायला दोन बाजू लागतात. इथे एका बाजूनं पहिल्यापासून मान खाली घातलेली. महेला ही दोन्हीकडची मूळ आई. तिचा थोरला एसा, धाकटा व्हर्जिल. डोंगरातली रीत अशी, की जो म्हाताऱ्यांना सांभाळतो त्याचं राहतं घर. म्हणून घर व्हर्जिलचं. एका हिवाळ्यात तो कोळशाच्या खाणीवर कामाला गेला आणि इकडे आई गेली. मातीला आला, दुःखात नको तेवढी दारू प्याला, रात्री त्या रिकाम्या घरात एकटा झोपला आणि सकाळी कुणीतरी त्याला गाडीत घालून खाणीवर पोचवलं. बर्फ वितळल्यावर एसाचा निरोप आला: शेगडीत निखारा ठेवून गेलास, घर जळालं. त्या रात्रीचं व्हर्जिलला काहीच आठवत नव्हतं. त्यामुळे त्याला ते खरं वाटलं. आईचं घर जाळणाऱ्याला आईशेजारी जागा नाही, असं एसानं ठरवलं, आणि व्हर्जिलनं हूं की चूं केलं नाही. तो गावच्या दफनभूमीत परक्यांमध्ये पुरला गेला. त्याच्यामागून त्याची मुलं, सुना, सगळी तिकडेच.

बर्लला तिकडे जायचं नव्हतं. फुफ्फुसं कामातून गेली होती, डॉक्टर हल्ली तारखा द्यायच्या ऐवजी खांद्यावर हात ठेवत होता. बर्लनं आयुष्यात लेकीकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे: मला टेकडीवर घाला, महेलापाशी.

म्हणून नेडीननं ईस्टरलाच इमोजीन आत्याला फोन केला होता. इमोजीन म्हणजे एसाची नात, रॉइसची आई, टेकडीची आणि खालच्या सगळ्या जमिनीची मालकीण. ती म्हणाली, थडग्यांच्या रविवारी जेवणं झाली की सांगते. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घालणारी नेडीन त्यानंतर रोज मनातल्या मनात हाच एक विषय ढवळत होती. आज तिनं केळ्याचं पुडिंग केलं होतं, चांगलं परातभर. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती नव्हती. पुडिंग कशासाठी आहे हे तिला माहीत होतं, आत्यालाही माहीत होतं, आणि आत्यानं ते घेताना नुसतं "जड आहे गं" एवढंच म्हटलं होतं.

टेकडी आणि ओढा यांच्या मध्ये जी सपाटी आहे तिला सगळे 'जळकं घर' म्हणत. घराचा मागमूस नव्हता. एक बुजवलेली विहीर, एक म्हातारा देवदार, आणि दर मार्चमध्ये ओळीनं उगवणारी पिवळी डॅफोडिल, जी कुणीतरी दारापुढे लावलेली असणार. रॉइसला त्या जागी गवताच्या गठ्ठ्यांसाठी शेड उभारायची होती. भाड्याचा बुलडोझर आदल्या दिवशीच येऊन कुंपणाला टेकला होता. तो फिरायच्या आधी एकदा शेवटचं चाळून घेऊ, म्हणून रॉइसनं जेवणाआधी सगळ्या गोताला खाली बोलावलं.

जमिनीतल्या वस्तू शोधायचं त्याला वेडच होतं. पंधरा वर्षं तो धातू शोधायचं यंत्र घेऊन जुन्या घरांच्या जागा धुंडाळत होता. सापडलेलं सगळं काचेच्या चौकटीत मांडून त्यानं आईच्या ओसरीत टांगलं होतं: पितळी बटणं, अंगुस्तान, बाजाच्या पत्र्या, घोड्याच्या लगामाचा तुकडा. त्याचे नियम कडक होते. खळगा खणला की माती परत भरायची, गवताचा तुकडा गवत वर करून बसवायचा, पायानं दाबायचा. सापडलेली वस्तू आधी जमिनीच्या मालकाला दाखवायची, मग खिशात. मालक सख्खी आई असली तरी.

यंत्रं दोन होती. नवं, पडद्याचं, ते त्यानं लेकीला दिलं. डेल्फिया सतरा वर्षांची. नुकतंच गाडीचं लायसन्स मिळाल्यापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असे. दुसरं यंत्र जुनं, बटण तुटलेलं, टाचणी दिसली तरी कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडणारं. ते रॉइसनं नेडीनला दिलं.

"ओढ्याकडचा वाटा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. नेडीनही हसली. मागायला आलेल्याला हसावं लागतं.

रॉइसनं तिला मन लावून शिकवलं. थाळी जमिनीलगत ठेव, झाडू मारल्यासारखी फिरव. घोगरा आवाज म्हणजे लोखंड, त्याच्या नादी लागू नकोस. आणि घराच्या मधोमध तर जाऊच नकोस, तिथे नुसते खिळे. माणसं वस्तू घरात हरवत नाहीत, कडेला हरवतात: विहिरीपाशी, कपडे वाळत घालायच्या जागी. तो स्वतः पंधरा वर्षं असाच कडेकडेनं फिरला होता. चांगल्या यंत्राला लोखंड गाळायची सोय असते. ती एकदा चालू केली की लोखंड ऐकूच येत नाही. हा धंदा करणारे सगळेच ती चालू ठेवतात.

नेडीनच्या यंत्राला ती सोय नव्हती, आणि कडेला उभं राहायला जागाही नव्हती. विहिरीपाशी टेकडीवरच्यांची गर्दी झालेली. मग ती जिथे कुणी नव्हतं तिथे गेली, मधोमध, आणि यंत्र ओरडेल तिथे खणायला लागली.

ते सगळीकडेच ओरडत होतं.

दर खळग्यात खिळा. जुन्या घडणीचे, चौकोनी, लालभडक गंजलेले. तिला टाकवेनात. बटाट्यांसाठी आणलेलं इनॅमलचं भांडं रिकामं झालं होतं, त्यात ती टाकत गेली, आणि भरत आलं तसं ते देवदाराच्या सावलीत बर्लच्या मांडीवर नेऊन ठेवलं. बर्ल एकेक खिळा घेऊन अंगठ्यानं माती पुसू लागला.

"टेकडीवाल्यांना चांदी, आपल्याला खिळे," तो म्हणाला. "निदान वजनाला तरी जास्त भरतील."

विहिरीकडे एकदम गलका झाला. डेल्फियाला नाणं सापडलं होतं. ते हातोहात फिरलं, मग नियमाप्रमाणे आजीकडे गेलं. इमोजीननं चष्मा कपाळावर चढवून ते पाहिलं, परत दिलं आणि पुन्हा आपले दोन्ही हात काठीवर ठेवून बसली. तिचं लक्ष नाण्यात नव्हतं. ती मधूनमधून बर्लकडे पाहत होती. बर्लचं लक्ष नसताना.

रॉइस फिरत फिरत नेडीनकडे आला. हार्डवेअरचं दुकान काढायचा विचार आहे का, असं विचारून त्यानं भांड्यातला एक खिळा उचलला. दूर भिरकावायला हातही मागे नेला. पण भिरकावला नाही. तो त्यानं उन्हात धरून पाहिला आणि दुसरा घेतला. मग मूठभर घेतले. मग तो तिच्या ताज्या खळग्यापाशी उकिडवा बसला, तळाची माती बोटांत चोळली, नाकाशी नेली. दोन हातांवर स्वतः एक खळगा खणला, त्यातही तेच केलं.

"काय झालं?" नेडीननं विचारलं.

"काही नाही. बास आता. जेवण गार होईल."

आणि तो चालायला लागला. खळगा तसाच उघडा टाकून.

नेडीन त्या उघड्या खळग्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणी सोडला असता तर तिच्या लक्षातही आलं नसतं. रॉइसनं चुलत मावशीच्या अंगणात एकदा एक गवताचा तुकडा उलटा बसवला होता, तर तो बसवायला रात्रीचा अकरा मैल परत गेला होता. तिनं भांडं उचललं. खिळ्यांत तिला गंजाखेरीज काही दिसेना. पण रॉइसला दिसलं होतं, आणि जे दिसलं ते त्याला आवडलं नव्हतं. टेकडीवरच्या माणसाला जे आवडत नाही ते ओढ्याकडच्यांच्या कामाचं असू शकतं, एवढं गणित शाळेच्या स्वयंपाकघरातही येतं.

जेवणं गोठ्यात मांडली होती. लांबलचक फळ्या, त्यावर पांढरे कागद. आतल्या टोकाला टेकडीवरचे, दाराकडच्या टोकाला ओढ्याकडचे. हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा ब्रेड, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. देवाचे आभार मानून झाले. बर्लनं चार घास खाल्ले आणि ते जास्त झाल्यासारखा मागे टेकला. पुडिंग मात्र सगळ्यांनी दोनदा घेतलं. इमोजीननंही घेतलं, आणि ते नेडीनला शुभ वाटलं.

मग इमोजीननं चमचा पेल्यावर वाजवला.

ती फार बोलली नाही. नेडीननं काय विचारलंय ते सांगितलं. बर्लचं आणि तिचं वय एक, शाळेची बस एक, आणि बर्लबद्दल तिला कधीही वाईट बोलायला जागा मिळाली नाही, हेही सांगितलं. मग ती म्हणाली, "पण ती टेकडी मी बांधलेली नाही. मी नुसती राखण करते. आजोबांनी जे ठरवलं ते मोडणारी मी कोण?"

टेकडीवरच्या टोकाला माना हलल्या. दाराकडच्या टोकाला कुणाची मान हलली नाही, पण कुणाला नवलही वाटलं नाही. बर्लनं नाकातली नळी सारखी केली. नकार कसा घ्यायचा हे त्याला उत्तम येत होतं. पिढीजात कला होती ती.

नेडीन उठली. खिळ्यांचं भांडं तिनं आणून इमोजीनपुढे, कोंबडीच्या ताटाशेजारी ठेवलं. पांढऱ्या कागदावर लाल गंज सांडला.

"रॉइस," ती म्हणाली, "तू जळालेली घरं खणलीयस ना?"

रॉइसनं ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. "खणलीयत."

"तिथे काय सापडतं?"

त्यानं आईकडे पाहिलं. उत्तर डेल्फियानं दिलं, कारण प्रश्न मोकळा पडलेला तिला पाहवत नसे. तिथे काच वितळून गोळे झालेले असतात, मातीत कोळसा असतो, पप्पांकडे एका जळलेल्या चर्चच्या जागेतल्या खिळ्यांची बरणीच आहे, आणि गंमत म्हणजे ते खिळे अगदी सरळ—

बोलता बोलता तिची नजर भांड्यात गेली. ती थांबली. डेल्फिया वाक्याच्या मध्ये थांबली, हे त्या गोठ्यात त्या दिवशी घडलेलं पहिलं आश्चर्य.

"पप्पा," ती म्हणाली, "सांगा ना."

रॉइसनं ताट बाजूला सारलं. तो गप्प राहू शकला असता. त्याला तसं करायचंही होतं; खळगा उघडा टाकून आला होता तो त्यासाठीच. पण पंधरा वर्षं सापडलेली प्रत्येक वस्तू आधी मालकिणीला दाखवलेल्या माणसाला ही एकच लपवणं जमेना.

"घर जळालं, की खिळ्याभोवतीचं लाकूड जळून जातं आणि खिळा खाली पडतो," तो म्हणाला. "सरळच्या सरळ. भाजून निघालेला असतो, म्हणून गंजतोही कमी. वाकडा खिळा म्हणजे कुणीतरी पहार घालून उपटलेला."

"आणि यातले?" नेडीननं विचारलं.

"वाकडे आहेत."

"किती?"

"एक सरळ सापडला असता तर मी गप्प बसलो असतो, नेडीन."

टेकडीवरच्या टोकाचा एक जावई म्हणाला की इतक्या वर्षांच्या पावसानं कोळसा वाहून गेला असेल. रॉइस म्हणाला, कोळसा वाहत नाही. हजार वर्षं राहतो. खालची माती लोण्यासारखी स्वच्छ आहे.

"मला नीट सांग," इमोजीन म्हणाली. आडवळणाचं बोलणं तिला चालत नसे.

"घर जळालं नाही, आई. घर उतरवलं."

गोठ्यात माशीचा आवाज ऐकू येईल अशी शांतता झाली, आणि माशा भरपूर होत्या. मग दाराकडच्या टोकावरून कुणीतरी, टोमणा म्हणून नव्हे, नुसतंच कुतूहलानं विचारलं, की उतरवलं तर लाकूड गेलं कुठे.

 एकेक मान वर व्हायला लागली. डोक्यावर गोठ्याच्या तुळया होत्या, कुऱ्हाडीनं तासलेल्या, जाडजूड, एसानं स्वतःच्या हातांनी चढवलेल्या म्हणून साऱ्या जिल्ह्यात नावाजलेल्या. त्या तुळयांना ठिकठिकाणी खाचा होत्या. त्या खाचांत काहीच बसवलेलं नव्हतं. कधीतरी काहीतरी बसवलेलं होतं, दुसरीकडे कुठेतरी, जेव्हा त्या तुळया नव्हत्या आणि ओंडक्यांच्या घराच्या भिंती होत्या.

फक्त इमोजीननं वर पाहिलं नाही.

"त्या खाचांत मी बाहुल्या निजवायचे," ती म्हणाली. "शिडी लावून. मला वाटायचं, सगळ्यांच्याच गोठ्यांना असतात."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त तिनं ताटातला काटा उचलला आणि उगाचच पुसला.

मग बोलणी सुरू झाली, सगळी एकदम. कुणी म्हणालं, एसाला ओंडके फुकट जाऊ द्यायचे नसतील. कुणी म्हणालं, मेलेल्या माणसावर खटला चालवायचा नसतो. टेकडीवरच्या दोघी सुना, ज्या सकाळपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांचं यावर ताबडतोब एकमत झालं की म्हातारा पहिल्यापासून हिशेबी होता. चर्चच्या रंगीत खिडकीवर एसाचं नाव आहे, त्याचं आता काय करायचं, असाही प्रश्न निघाला आणि तसाच राहिला.

या सगळ्यात बर्ल बोलला नव्हता. तो बोलला तेव्हा श्वासासाठी मध्ये मध्ये थांबत बोलला, त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"माझ्या आजानं," तो म्हणाला, "मरेपर्यंत काडी ओढली नाही. घरात शेगडी पेटवायची तर आजी पेटवायची. पुढे मी पेटवायचो. तो खोलीच्या बाहेर जाऊन उभा राहायचा. पाईप होता त्याच्याकडे. कायम तोंडात. कधी पेटवला नाही. मी विचारलं एकदा. तर म्हणाला, माझ्या हाताला विस्तवाचा भरवसा नाही."

एवढं बोलून तो दमला. नेडीननं नळकांड्याचा काटा बघितल्यासारखं केलं. तिला कुणाकडे बघायचं नव्हतं.

इमोजीन काठीवर रेलून उभी राहिली. टेबलाच्या आतल्या टोकापासून दाराच्या टोकापर्यंत ती चालत आली. बरंच अंतर होतं, आणि ती हळू चालत होती.

"बर्ल, महेलाच्या डाव्या हाताला जागा आहे," ती म्हणाली. "मी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. ती तुझी."

झालं. तीन पिढ्यांचं भिजत पडलेलं घोंगडं एका वाक्यात वाळत पडलं. नेडीनला वाटलं होतं की हे ऐकलं की आपल्याला रडू येईल. प्रत्यक्षात तिला फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं.

"उजव्या हाताला कोण आहे?" बर्लनं विचारलं.

"तुला ठाऊक आहे कोण आहे."

"एसा."

"एसा."

"मग नको," बर्ल म्हणाला.

"डॅडी," नेडीन म्हणाली.

"थांब, पोरी. उभा जन्म त्या फाटकाशी गेला. मला वाटायचं, आमच्या हातून झालंय, म्हणून आम्ही बाहेर. ते मी धरून चाललो. आता आत जाऊन कुणाच्या पंगतीला पडू? त्याच्या?" त्यानं दम घेतला. "द्यायचंच असेल तर आजाचं होतं ते दे, इमोजीन. घराची जागा दे. मला तिथे घाला."

सगळ्यांनी रॉइसकडे पाहिलं. एकदा थडगं पडलं की त्या जागेवर पुढे कुणी काही बांधत नाही, हे डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. दारातून बुलडोझरचं पिवळं नाक दिसत होतं.

नेडीन बापाशेजारी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, की डॅडी, ते कबूल करताहेत तोवर टेकडी घ्या. तिथे खाली कोण आहे तुमचं? एकटे पडाल.

"तू आहेस की मागून."

"मला एवढ्यात यायचं नाहीये."

"मला कुठं घाई आहे," बर्ल म्हणाला. "मी वाट बघीन."

रॉइसनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. पाण्याचा उतार, ट्रॅक्टर वळवायला लागणारी जागा, यावर तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. शेवटी म्हणाला, "शेड ओढ्याच्या वळणावरही होईल. लांब पडेल जरा. पण होईल."

"मग बघूया तरी जागा," इमोजीन म्हणाली.

सगळे नव्हते गेले. टेकडीवरचे काही मुद्दाम केक कापत गोठ्यातच बसले, आणि त्यांनी तसं बसणं सगळ्यांनी पाहून ठेवलं. डेल्फियानं बर्लची खुर्ची उचलली, नेडीननं नळकांडं, रॉइसनं बर्लला काखेत हात घालून चालवलं. सपाटीवर पोचल्यावर रॉइस त्याला तिथेच सोडून आधी आपल्या उघड्या खळग्याकडे गेला आणि माती भरून गवत बसवून आला. मग कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

बर्लनं जागा निवडायला वेळ लावला नाही. सपाटीच्या मधोमध, नेडीननं खणलेल्या भागात, त्यानं खुर्ची ठेवायला सांगितली आणि तो बसला. रॉइसनं पावलांनी आठ बाय चारचा अंदाज घेतला. नेडीन शेजारी उभी राहून बघत होती. हे आपल्या बापाच्या थडग्याचं माप आहे हे तिला कळत होतं, पण डोक्यात विचार आला तो भलताच: इथे खणायला त्रास होणार नाही, निम्मं तर मीच खणून ठेवलंय.

"पाय पूर्वेकडे करावे लागतील," इमोजीन म्हणाली. शेवटच्या दिवशी हाक आली की उठून बसल्यावर तोंड उगवत्या सूर्याकडे हवं, म्हणून इथे सगळ्यांना तसंच पुरतात. "पूर्व कुठे येते इथून?"

रॉइसनं हात केला. सगळ्यांनी त्या दिशेला पाहिलं. तिकडे उतारावर इमोजीनचं घर होतं, आणि त्याची ओढ्याकडे तोंड केलेली एकच खिडकी.

"ती माझ्या स्वयंपाकघराची," इमोजीन म्हणाली. "जरा तिरका घाल रे त्याला, रॉइस. उठल्या उठल्या थेट माझ्या ओट्यावर नजर जाईल."

"सरळच घाल," बर्ल म्हणाला. "एवढ्या वर्षांत आतून बघितलेलं नाही मी ते घर. त्या दिवशी तरी कॉफी ठेवलेली दिसू दे."

"त्या दिवशी मीसुद्धा टेकडीवरून नुकतीच उठलेली असणार. कॉफी कोण ठेवणार?"

"तेही खरंच."

इमोजीननं काठी जमिनीत रोवली. वारा सुटला होता. गोठ्याकडून भांड्यांचे आवाज येत होते.

"आज पीत असशील तर ठेवते," ती म्हणाली आणि घराच्या दिशेनं चढ चढायला लागली. डेल्फिया हात द्यायला धावली, तो तिनं झिडकारला. दहाएक पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळली.

"साखर किती लागते तुला?"

नेडीन सांगायला तोंड उघडणार होती. पण तिनं ते मिटलं.

"तीन चमचे," बर्ल म्हणाला. "डॉक्टर एक म्हणतो."